बी.डी.ची चार वर्षं, आणि ग्रीकचा एकुलता एक कोश

बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पदवी. त्या अभ्यासात मला सर्वांत जास्त छळलं ते ग्रंथालयाच्या संदर्भ विभागानं. बायबलमधल्या नव्या कराराच्या ग्रीकचा मोठा कोश एकच आणि ग्रीक घेतलेले आम्ही चौदा जण. तास संपायचे पावणेचारला, विभागाला कुलूप लागायचं पाचला. म्हणजे वाट्याला जेमतेम पाच मिनिटं. कोश वसतिगृहावर न्यायचा तर अर्जावर तीन सह्या, आणि त्या मिळेपर्यंत उतारा सादर करायची तारीख उलटून गेलेली. त्याचा राग अजून गेलेला नाही. भाषा शिकणाऱ्याला कोश लागतो तो रात्री, उतारा समोर असताना.

बाकीचं तसं सुरळीत होतं. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, प्रवेश परीक्षा, मुलाखत. पदवी मिळते सेरामपूरच्या सिनेटची. घरच्यांना वाटतं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर; हे बंगालमधलं, हुगळीकाठचं. तिथलं कॉलेज १८१८चं, पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजानं १८२७ मध्ये दिली. मराठी नवा करार १८११ मध्ये तिथेच छापला गेला, हेही सांगा म्हणजे घरच्यांना ते नाव परकं वाटणार नाही.

तर कोश. पाच मिनिटं पुरत नाहीत त्याचं खरं कारण असं की शब्द कुठे शोधायचा तेच कळत नाही. मराठीच्या कोशात ‘गेला’ सापडत नाही, ‘जाणे’ काढावं लागतं. ग्रीकचंही तसंच. ‘एल्थेन’ म्हणजे आला, पण कोशात तो ‘एर्खोमाइ’खाली. ‘एइपेन’ म्हणजे म्हणाला, तो ‘लेगो’खाली. ‘एगेनेतो’ म्हणजे झाला, तो ‘गिनोमाइ’खाली. रूपावरून मूळ ओळखता येत नसेल तर सगळा वेळ पानं उलटण्यात जातो. म्हणून उताऱ्यातली क्रियापदं आदल्या रात्रीच चिठ्ठीवर काढा, प्रत्येकापुढे मूळ रूप लिहा आणि अडलेली तीन-चारच घेऊन आत जा. शाळेत संस्कृत झालं असेल तर सोपं जातं: ‘अगच्छत्’मधला सुरुवातीचा ‘अ’ ग्रीकमध्ये ‘ए’ होऊन येतो, ‘लुओ’ म्हणजे सोडतो, त्याचं ‘एलुसा’. हा ‘ए’ ओळखता आला की भूतकाळाची अर्धी भीती जाते.

नामं पाठ करताना नुसता अर्थ घोकू नका. उपपद आणि षष्ठीचं रूप धरून पाठ करा. ‘सार्क्स’ एवढंच पाठ असेल तर वाक्यात ‘सार्की’ आलं की माणूस अडतो. ‘हे सार्क्स, सार्कोस’ म्हणून ठेवलं असेल (इथला ‘हे’ म्हणजे ग्रीकचं स्त्रीलिंगी उपपद) तर अडत नाही. नव्या करारात पन्नास किंवा जास्त वेळा येणारे शब्द सुमारे ३१० आहेत आणि जवळजवळ ८० टक्के मजकूर त्यांच्यातच येतो. रोज दहा घेतले तर महिन्यात संपतात. हे पहिल्याच सत्रात करा. मी दुसऱ्यात केलं आणि तरीही आज योहानाचा पहिला अध्याय कोश न उघडता वाचते, याचा मला अभिमान आहे.

एसबीएलचा (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर या संस्थेचा) ग्रीक नवा करार २०१० पासून इंटरनेटवर मोफत आहे. एकोणिसाव्या शतकातले कोशही मोफत मिळतात, पण रोजच्या व्यवहारातल्या ग्रीकवर नंतर सापडलेल्या पपायरसांनी, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांनी, जो प्रकाश टाकला तो त्यांत नाही. रूप ओळखायला ते वापरा. अर्थावर वाद घालायचा असेल तर मोठ्या कोशाच्या रांगेत उभं राहणं आलंच.

या खटपटीचं फळ तत्त्वज्ञानाच्या पेपरात मिळतं. योहान १:१४ मराठीत ‘शब्द देही झाला’ असं आहे; शब्द म्हणजे ख्रिस्त. मुळात ‘सार्क्स’ आहे, म्हणजे मांस. आणि ‘देही’ हा गीतेतला शब्द: दुसऱ्या अध्यायात जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करणारा तो देही. तिथे देही देहाहून वेगळा राहतो. योहान म्हणतो, शब्द स्वतःच मांस झाला. अवतार आणि देहधारण यांतला फरक लिहा असा प्रश्न आला तर इथून सुरुवात करा. पण गीतेचे ते श्लोक आणि शंकर-रामानुज काय म्हणतात ते मूळ धरून वाचा, खंडनाच्या पुस्तकांतून नको. ज्या मताचं खंडन करायचं ते त्याच्या माणसाला पटेल असं आधी मांडता आलं पाहिजे. गुणही त्यालाच मिळतात.

हिब्रूही घेणार असाल तर दोन्ही भाषा एकाच सत्रात सुरू करू नका. एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि दोन्हींची रूपं डोक्यात एकमेकांत मिसळतात.

प्रवेशाचं एक राहिलंच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते अर्ज भरण्याआधी पाहा. घरी ‘शांतवन’, दाखल्यावर ‘शांताराम’ असं आपल्याकडे पुष्कळदा असतं. तसं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि पाळकांच्या पत्रातही दोन्ही नावं लिहून घ्या. गावच्या मंडळीची जुनी वही दुसऱ्या पाळकक्षेत्रात गेलेली असू शकते, तेव्हा हे काम मे महिन्यावर ढकलू नका.