होमलॅब नोंद, ऐरोली: एकाच तारेवर एनएफएस, आयस्कझी आणि एनव्हीएमई-टीसीपी

मंडळी, स्टोरेज प्रोटोकॉलच्या, म्हणजे एका मशीनची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला देण्याच्या पद्धतींच्या, तुलनेचं काम आता सांगण्यासारख्या टप्प्यावर आलंय. एनएफएस फाइल वाटतं; आयस्कझी आणि एनव्हीएमई-टीसीपी डिस्क ब्लॉकच्या रूपात देतात. मांडणी साधी आहे: दोन जुने सर्व्हर, मध्ये दहा गिगाबिटचा स्विच, एका बाजूला एनव्हीएमई एसएसडी (वेगवान फ्लॅश डिस्क) आणि दुसऱ्या बाजूला व्हर्च्युअल मशीन. डिस्क तीच, तार तीच, कार्डंही तीच. बदलतो तो फक्त मधला प्रोटोकॉल.

आधी तार तपासली. 1500 बाइटच्या एमटीयूवर (पॅकेटच्या कमाल आकारावर) आयपर्फ हे वेग मोजायचं साधन 9.41 गिगाबिटच्या आसपास थांबतं, कारण बाकीचं हेडरमध्ये जातं. एमटीयू 9000 केला की 9.9 पर्यंत मजल जाते. पण जंबो फ्रेम (अशी मोठी पॅकेटं) चालू केल्यावर पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून 8972 बाइटचं पिंग मारून बघाच (वरचे 28 बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे). मधला एखादा पोर्ट 1500 वर राहिला, तर लॉगिन होतं, छोट्या विनंत्या जातात, आणि मोठं रीड आलं की सगळं लटकतं. मग बिचाऱ्या आयस्कझीवर खापर फुटतं.

एक मेगाबाइटच्या ब्लॉकने सलग वाचन केलं तर तिन्ही प्रोटोकॉल तार भरून टाकतात. दहा गिगाबिट म्हणजे जास्तीत जास्त सव्वा गिगाबाइट प्रतिसेकंद, आणि चांगली जेन 3 ची एसएसडी एकटीच त्याच्या दुपटीहून जास्त देते. म्हणजे या चाचणीत आपण तारच मोजतोय. इंटरनेटवर दिसणाऱ्या बऱ्याच तुलना इथेच थांबतात आणि ‘फारसा फरक नाही’ म्हणून मोकळ्या होतात. मला हे पटत नाही.

फरक दिसतो तो 4के (4 किलोबाइटच्या) रँडम वाचनात, आणि तोही क्यू डेप्थ 1 वर. एका वेळी एकच विनंती: ती जाऊन परत येईपर्यंत दुसरी सुटत नाही. एका फेरीला 100 मायक्रोसेकंद लागले, तर सेकंदाला 10,000 विनंत्यांच्या वर जाताच येत नाही. म्हणजे जेमतेम 40 मेगाबाइट, तार कितीही जाड असली तरी. डेटाबेसचा कमिट लॉग असाच एकेक पाऊल टाकत चालतो, म्हणून मी एफआयओ या चाचणी साधनाच्या आउटपुटमध्ये आधी लेटन्सीचा (एका विनंतीला लागणाऱ्या वेळेचा) 99 वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या 99 विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तो आकडा, बघतो आणि मग बाकीचं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. प्रोटोकॉल बदलायच्या आधी नेटवर्क कार्डाचं इंटरप्ट कोअलेसिंग आणि प्रोसेसरच्या सी-स्टेट बघा. कार्ड पॅकेटं साठवून एकदम इंटरप्ट देतं, प्रोसेसर मधल्या वेळात डुलकी काढतो, आणि क्यू डेप्थ 1 वर हे दोन्ही थेट लेटन्सीत जमा होतं. कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या ईथटूलने अ‍ॅडाप्टिव्ह आरएक्स बंद करून आरएक्स-युसेक्स (इंटरप्टआधी थांबायचा वेळ) शून्यावर आणलं, खोल सी-स्टेट बंद केल्या, तेव्हा कुठे तिघांमधला खरा फरक आकड्यांत उमटायला लागला. लांबलचक चाचण्या मी रात्री चालवतो. मे महिन्यातल्या ऐरोलीच्या दुपारी एसएसडी तापून स्वतःचा वेग कमी करते आणि आलेख बिघडतो.

आता मूळ मुद्दा. आयस्कझीचं पहिलं आरएफसी (मानकाचा दस्तऐवज) 2004 चं, म्हणजे फिरत्या डिस्कच्या काळातलं. विनंती स्कझी या जुन्या डिस्कच्या भाषेतली कमांड बनून जाते आणि पलीकडे एनव्हीएमई डिस्क असेल तर तिथे पुन्हा भाषांतर होतं. लिनक्सचा ओपन-आयस्कझी एका सेशनला एकच टीसीपी कनेक्शन देतो, आणि क्यू डेप्थची त्याची मूळ सेटिंग 32 आहे. जास्त रस्ते हवे असतील तर अनेक सेशन उघडून मल्टिपाथ लावावं लागतं. एनव्हीएमई-टीसीपी 2018 च्या नोव्हेंबरात मंजूर झालं आणि 2019 मध्ये लिनक्स 5.0 कर्नलमध्ये आलं. त्यात प्रत्येक क्यूला स्वतःचं टीसीपी कनेक्शन मिळतं, आणि लिनक्स सहसा जितके सीपीयू तितक्या क्यू उघडतो. माझ्याकडे एफआयओच्या एका जॉबवर (एकाच वेळी चालणाऱ्या एका कामावर) फरक थोडाच होता. जॉब वाढवत गेलो तशी आयस्कझीची रांग तुंबत गेली आणि 99 वा पर्सेंटाइल वर चढला. एनव्हीएमई-टीसीपी मात्र बराच वेळ सपाट राहिलं. सेटअपही सुटसुटीत आहे: डिस्क वाटणारं एनव्हीएमईटी हे कर्नल मॉड्यूल लोड करायचं, कर्नलची सेटिंग फोल्डरच्या रूपात दाखवणाऱ्या कॉन्फिगएफएसमध्ये चार फोल्डर बनवायचे आणि पोर्ट 4420 उघडायचा.

एनएफएसला याच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. ते फाइल वाटतं, ब्लॉक नाही. सर्व्हरच्या रॅममध्ये बसलेली फाइल वाचली तर तेच सगळ्यांत वेगवान दिसतं, म्हणून चाचणीची फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या. 5.3 कर्नलपासून आलेला एनकनेक्ट पर्याय जरूर वापरा, एका माउंटला 16 पर्यंत कनेक्शन मिळतात. पण एक्स्पोर्टला एसिंक लावून मिळालेला राइटचा आकडा मी धरत नाही. डिस्कवर पोचायच्या आधीच ‘लिहिलं’ म्हणणारा सर्व्हर पहिल्या पावसात वीज गेली की डेटा घालवून बसतो.

ठाण्याचा एक मित्र महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज सांभाळतो. फायबर चॅनलवर, म्हणजे स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, त्याचा फार जीव. “तुझं इथरनेट आधी पाठवतं आणि मग बघतं,” तो म्हणाला, “आमच्याकडे समोर बफर रिकामा आहे हे कळल्याशिवाय फ्रेम सुटतच नाही.” बफर क्रेडिटची ही पद्धत खरोखर सुंदर आहे, आणि रॉकीचं (इथरनेटवरून आरडीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट दुसऱ्या मशीनच्या मेमरीत डेटा टाकण्याच्या पद्धतीचं) दुखणं तिच्यामुळेच नीट समजतं. रॉकीची दुसरी आवृत्ती यूडीपीच्या 4791 पोर्टवरून आरडीएमए चालवते. जुन्या कार्डांत एक पॅकेट गळालं की तिथपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून स्विचमध्ये पीएफसी (बफर भरत आला की समोरच्याला थांबवणं) आणि ईसीएन (गर्दीची आगाऊ खूण देणं) नीट जमवावं लागतं. माझ्या स्विचला पीएफसी नाही, त्यामुळे रॉकीचा विचार मी तूर्त बाजूला ठेवलाय. टीसीपीवर मात्र लिनक्सच्या नेटेम या साधनाने हजारात एक पॅकेट मुद्दाम पाडून बघितलं: 99 वा पर्सेंटाइल उसळला, वेग उतरला, पण एकही व्हर्च्युअल मशीन अडकलं नाही. घरच्या स्विचवर मला हीच खात्री हवी होती.

तर सध्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क एनव्हीएमई-टीसीपीवर हलवल्यात, फोटो आणि बॅकअप एनएफएसवरच आहेत, आणि आयस्कझी फक्त विंडोजच्या एका मशीनसाठी ठेवलंय. पुढचं काम एनव्हीएमईच्या मल्टिपाथचं: दुसरी तार टाकून, चालू लोडवर एक ओढून बघायची. ज्यांनी दोन पोर्टवर एएनए (कोणता रस्ता वापरायचा हे सांगणारी एनव्हीएमईची सोय) लावलंय त्यांनी आपल्या सेटिंग जरूर सांगा. माझ्या एफआयओच्या जॉब फाइल कुणाला हव्या असतील तर तशाच्या तशा देतो.