तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचं काहीच दिसत नसताना देवावर भरवसा कसा ठेवता?

हा प्रश्न मला वरचेवर येतो. शेजारच्या काकी विचारतात, आमच्या चर्चच्या मंडळीतली कॉलेजची पोरं विचारतात, मिस्टरांच्या आजारपणात डायलिसिस सेंटरला ओळख झालेली माणसं अजूनही इथं कोल्हापुरात शाहूपुरीत कुठं भेटली की विचारतात. शब्द वेगळे असतात पण म्हणणं एकच, ताई तुम्ही म्हणता देव वाट दाखवतो, मग ती तुम्हाला दिसते का, आणि दिसत नसेल तर एवढ्या निवांत कशाच्या जोरावर असता?

सरळ सांगते, बहुतेक वेळा दिसत नाही. आणि दिसलीच पाहिजे असं देवानं कुठं कबूलही केलेलं नाही, त्यानं कबूल केलंय ते सोबत येण्याचं.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक बारीकशी गोष्ट आहे, पुढं तांबडा समुद्र दुभंगायचा असतो म्हणून आपण तिच्यावरून भराभर जातो. इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले तेव्हा देवानं कबूल केलेल्या कनान देशाला जायला एक जवळचा रस्ता होता, पलिष्ट्यांच्या देशातून. देवानं त्यांना मुद्दाम तिकडून नेलं नाही, कारण समोर लढाई बघून ही माणसं कच खातील आणि परत मिसरात जातील हे त्याला माहीत होतं. आता हे कारण वाचताना आपल्याला कळतं, पण ते देवाच्या मनातलं होतं, त्या लोकांना ते कुणी सांगितल्याचं तिथं दिसत नाही, त्यांना दिसलं फक्त रान आणि पुढं पाणी. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, आणि त्यांचा पुढारी मोशे लांबच्या वाटेनं न्यायला लागलेला. कुरकुर करणारच की माणसं! पण तो लांबचा रस्ता त्यांना झेपेल असा निवडलेला होता. मी हे वचन किती वेळा वाचलं असेल, आणि माझ्या आयुष्यातल्या लांबच्या वाटांबद्दल माझं भांडण त्यानंच कमी केलं.

गणनाच्या नवव्या अध्यायात अजून पुढचं आहे. निवासमंडपावरचा, म्हणजे देवाच्या तंबूवरचा, मेघ वर गेला की लोकांनी निघायचं, तो थांबला की तळ द्यायचा. कधी दोन दिवस, कधी महिना, कधी वर्षभर. किती दिवस थांबायचंय हे आधी सांगितलेलं नसायचं. म्हणजे एका जागी बसून राहणं हेही देवाच्या मागं चालणंच झालं, आणि आपल्याला तेच जास्त जड जातं. नोकरीचा कॉल येत नाही, लग्न जमत नाही, तेव्हा आपण धरून चालतो की देव गप्प आहे. मला नाही तसं वाटत.

आमचं सांगते. ऑगस्ट 2019 चा पूर. आठवत असेल सगळ्यांना, पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आणि पाणी गेलं 55 च्या वर, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आम्हाला त्याच आठवड्यात मिस्टरांना घेऊन पुण्याला जायचं होतं, किडनी ट्रान्सप्लांट करता येईल का ते बघायला, अपॉइंटमेंट मिळाली होती, डोनरबद्दल घरात बोलणं झालं होतं, आणि रस्ताच बंद. त्यात उपसा केंद्रं पाण्यात गेली म्हणून शहराचं नळाचं पाणी बंद. आता डायलिसिस म्हणजे पाण्याचाच खेळ, एका पेशंटला चार तासांच्या एका वेळेला साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं. बाहेर बघावं तिकडं पाणी आणि सेंटरमध्ये पाणी नाही. मी त्या दिवसांत पुण्यासाठी प्रार्थना करायचीच सोडली, रोज फक्त दुसऱ्या दिवसाचं मागायचे, प्रभू उद्याचं डायलिसिस होऊ दे. आणि टँकर यायचा. कधी उशिरा यायचा, तोपर्यंत मिस्टर खुर्चीत बसून स्तोत्र म्हणायचे आणि शेजारचे मुल्लाणी चाचा डोळे मिटून ऐकायचे.

रस्ता सुटल्यावर आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हार्ट एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही. पुढच्या वर्षी ते प्रभूकडं गेले.

इथं लोक थांबतात आणि विचारतात, मग देवानं कुठं नेलं तुम्हाला? मी म्हणते, त्यांना घरी नेलं. हे मी मनाची समजूत काढायला बोलत नाही. ख्रिस्ती माणसाचा प्रवास बरं होण्यापाशी किंवा फ्लॅट घेण्यापाशी संपतच नाही. बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामाचं लिहिलंय, कुठं जायचंय हे ठाऊक नसताना तो निघाला, आणि वचनाच्या देशात पोचल्यावरही तंबूतच राहिला, कारण तो देवानं बांधलेल्या नगराची वाट बघत होता. देवाचं मार्गदर्शन त्या नगराच्या दिशेनं असतं. वाटेत तो बरं करतो, भाकरी देतो, दारं उघडतो, आणि त्यासाठी मी अजूनही हट्टानं मागते, पण मुक्काम तिथला आहे. हे धरलं नाही तर प्रत्येक बंद दार म्हणजे देवानं हात सोडला असंच वाटत राहणार.

तरुण पोरांना मात्र मी एक गोष्ट जरा कडक बोलते. डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि आलेलं वचन म्हणजे देवाचा निर्णय, असं करू नका. आणि आपल्याला जे हवंच आहे त्यावर 'देवानं मला सांगितलं' असा शिक्का मारू नका, घरात मग कुणाला तोंडच उघडता येत नाही. रोज थोडं वाचा, प्रार्थना करा, तुम्हाला ओळखणाऱ्या विश्वासू माणसांना विचारा, पाळकसाहेबांशी बोला, आणि मग पाऊल टाका. प्रेषित पौलानं पण तेच केलं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात तो आशियात, म्हणजे तेव्हाच्या रोमी प्रांतात, जायला निघाला तर पवित्र आत्म्यानं अडवलं, बिथुनियात जाऊ बघतो तर तिथंही अडवलं, तेव्हा कुठं त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला. चालत होता म्हणून अडवला गेला.

आणि वेळ लागतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी साहेबानं नवा करार दिला, त्यानंतर 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा व्हायला 1900 साल उजाडलं. मधली वर्षं त्या बाईनं काय सोसलं! पण ती वर्षं वाया गेली असं त्यांचं लिखाण वाचणारा कोण म्हणेल? देवाला एकाच घरातल्या दोघांना एकाच वेगानं न्यायची घाई नव्हती.

राहता राहिला तुमच्यातल्या काहींचा शेवटचा प्रश्न, जो हळूच विचारला जातो, की आपण स्वर्गात पोचूच हे कशावरून. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा यानं हेच विचारलं, प्रभू तुम्ही कुठं जाता तेच आम्हाला माहीत नाही, मग मार्ग कसा माहीत असणार? येशूनं त्याला पत्ता दिला नाही. 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' म्हणाला. माझा भरवसा माझ्या चालण्यावर असता तर मला रात्री झोप आली नसती, कारण मी दमते, चिडते, कधी प्रार्थनेला बसते आणि एक शब्द फुटत नाही. जो मला न्यायला निघालाय त्याच्यावर आहे म्हणून झोप येते. ज्यांना अजून येत नाही त्यांनी सांजच्याला घरी या, चहा घेऊ, योहान चौदा एकत्र वाचू.