चौदा दिवसांचा कोर्स आणि त्यानंतरची जळजळ

छातीत जळजळ झाली की फार्मसीत जाऊन पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीची पट्टी आणायची, ही आमच्या गोव्यात फोंड्याकडे सर्रास चालणारी गोष्ट. माझी पोटदुखी मात्र तिला दाद देईना. डॉक्टरांनी एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून जठर पाहायची तपासणी, सांगितली आणि त्याआधी दोन आठवडे ती गोळी बंद ठेवायला बजावलं. अशा दुखण्यामागे जठरातला एक जंतू असू शकतो; गोळी चालू असली की तो दबून राहतो, तपासणीत सापडत नाही.

एंडोस्कोपीला मी घाबरले होते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, जीभ जड होते, थोडे उमासे येतात, आणि आटोपतं. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा त्यांनी एका पिवळ्या पदार्थात टाकला. मी बाहेर बाकावर बसले होते तेवढ्यात तो गुलाबी झाला. नर्सबाईंनी मला मुद्दाम आणून दाखवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने जठरातल्या आम्लात तग धरतो. रंग पालटतो तोही त्या अमोनियामुळेच. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

मग चौदा दिवसांचा कोर्स: अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही जंतू मारणारी दोन औषधं आणि आम्ल कमी करणारी गोळी, सगळं दिवसातून दोनदा. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच जातीचं, म्हणून पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं. माझी कोलेस्टेरॉलची गोळी तेवढ्यापुरती थांबवली, कारण क्लॅरिथ्रोमायसिनमुळे ती रक्तात साठून स्नायूंना इजा करू शकते. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी ती यासाठीच.

आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास का, तेही तेव्हाच कळलं. जठरातल्या पेशींत आम्ल सोडणारे पंप असतात. गोळी चालू पंपालाच जखडते, आणि पंप चालू होतात ते जेवणाच्या वेळी. भरल्या पोटी घेतली तर निम्मं काम वाया. तिला वरून लेप असतो, म्हणून फोडून किंवा कुटून घ्यायची नाही.

कोर्समध्ये तोंड सारखं कडू, तांब्याच्या भांड्यातलं शिळं पाणी प्यायल्यासारखं. सकाळची पेजसुद्धा गोड लागेना. पोटही ढिलं झालं. फार्मसीवाला म्हणाला, "बाय, चव परत येतली, पूण गोळी मदींच सोडूं नका." अर्धवट सोडलं की उरलेले जंतू औषधाला जुमानत नाहीत, म्हणून मी शेवटची गोळी घेऊनच थांबले.

खरी कसोटी त्यापुढे होती. जंतू गेला की नाही ते पाहायला कोर्सनंतर निदान चार आठवडे थांबावं लागतं, आणि तपासणीआधीचे दोन आठवडे पुन्हा पॅन्टोप्राझोल बंद. ती थांबली आणि जळजळ आधीपेक्षा जास्त उसळली. मला वाटलं, आजार परतला. डॉक्टरांनी समजावलं: आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल वाढवणारं संप्रेरक (हार्मोन) वाढवतं, आणि गोळी सुटली की तेच गॅस्ट्रिन काही आठवडे जादा आम्ल सोडायला लावतं. हे मला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं. कितीतरी माणसं याच जळजळीला भिऊन गोळीला पुन्हा चिकटत असतील!

त्या दिवसांत अँटासिडवर निभावलं. त्यात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही असतात, कारण पहिल्याने जुलाब होतात, दुसऱ्याने बद्धकोष्ठ. एकमेकांना तोलून धरतात. रात्री लवकर शीतकडी, म्हणजे भात-कालवण, जेवायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, याचाही मोठा आधार झाला.

जंतू गेल्याचा रिपोर्ट आला. माझी रोजची गोळी आता बंद आहे.

सासूबाईंची मात्र चालूच ठेवलीय. हृदयासाठी त्यांना रोज अ‍ॅस्पिरिन लागतं आणि पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं होतं. त्यांच्यासाठी ही गोळी संरक्षण आहे, असं डॉक्टर म्हणाले. ती वर्षानुवर्षं घेताना बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, म्हणून त्यांची रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात करून घेणार आहोत.