आज काय नाही?

समुद्रकाठच्या पर्यटनाच्या शहरात गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाहेर मासळी खायची, हे घरून निघतानाच ठरलेले असते. मग लाटांच्या अगदी पुढ्यात मांडलेले टेबल शोधले जाते, कारण ताटातला मासा समोरच्या पाण्यातूनच आला असणार अशी आपली भाबडी समजूत असते. पर्यटक ज्या उथळ पाण्यात पाय भिजवतात तिथे मासेमारी फारशी होत नाही. होड्या लागतात त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंदरात, आणि खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर तर मासळी बर्फात दाबून कित्येक दिवसांनी परततात. अशी आठवडाभराची मासळीही 'ताजी' म्हणून विकली जाते आणि जहाजावरच काही तासांत गोठवलेल्या मासळीकडे मात्र आपण नाक मुरडतो, हा तिच्यावर अन्यायच आहे.

नाकाचा विषय निघालाच आहे, तर वासाचेही सांगायला हवे. समुद्रातल्या बहुतेक माशांच्या अंगात, खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल राखण्यासाठी, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे वास नसलेले द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करू लागतात आणि ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो बराचसा त्याचाच असतो. लिंबाच्या आम्लाने हे द्रव्य बांधले जाते आणि वास दबतो. ही गोष्ट कळल्यापासून ताटात लिंबाच्या चार-चार फोडी दिसल्या की मला आचाऱ्याच्या औदार्यापेक्षा त्याच्या अडचणीचीच शंका येते.

काही हॉटेलांत मासे तबकात मांडून टेबलापाशी आणतात. मग मीही जाणकाराचा चेहरा करून कल्ला बोटाने उचलून पाहतो. तो लालभडक असावा, तपकिरी नसावा, आणि डोळा फुगीर व स्वच्छ असावा, हे मला पाठ आहे. मात्र माशाचे तुकडे करून झाले असतील, तर डोळा आणि कल्ला हे दोन्ही साक्षीदार हजर नसतात आणि वेटरच्या शब्दावर विसंबण्याखेरीज काहीच उरत नाही.

या शब्दाची पारख करायला मी अलीकडे एक वेगळा प्रश्न विचारू लागलो आहे. 'ताजे काय आहे?' या प्रश्नाला जगातल्या प्रत्येक वेटरचे उत्तर 'सगळेच' असे असते, आणि चार पानांच्या मेन्यूतला प्रत्येक मासा बारमाही मिळत असेल तर त्या हॉटेलचा समुद्र फ्रीजरमध्ये आहे, हे उघड आहे. म्हणून गेल्या खेपेला, किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत असलेल्या, समुद्राचे टिपूसही न दिसणाऱ्या एका हॉटेलात, मी वेटरला 'आज काय नाही?' असे विचारले. तो क्षणभर गोंधळला आणि मग बोटे मोजत सांगू लागला, "मोठा मासा कुठलाच नाही, साहेब. दोन दिवस वारा आहे, मोठ्या होड्या बाहेर गेल्याच नाहीत. खेकडे दुपारीच संपले. सकाळी किनाऱ्यालगत जाळ्यात सापडलेले लहान मासे आहेत, पण त्यांना काटे फार आहेत."

मी ते लहान मासेच मागवले. माशाच्या मांसाचे धागे आखूड असतात आणि त्यांना बांधणारा पडदा थोड्या आचेतच विरघळतो, त्यामुळे ताट फार लवकर आले, आणि वरची कुरकुरीत कातडी काट्याने दाबताच आतले पांढरे मांस पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटले. बाकी सारे लक्ष काटे काढण्यातच गेले, त्यामुळे एरवी जेवताना अखंड चालणारे आमचे बोलणे त्या दिवशी आपोआप थांबले. वेटर लिंबू आणायला विसरला होता, हे बिल देऊन बाहेर पडल्यावर लक्षात आले.