बिजागरीसुद्धा लाकडाची!

अलास्काला जायचं ठरल्यावर घरातले सगळे तिथल्या सर्वात उंच पर्वतासाठी डेनाली डेनाली करत होते आणि माझं एकच टुमणं, मला त्या डिक प्रेनेकीचं, अलास्काच्या रानात एकटा राहिलेल्या माणसाचं, घर बघायचंय. ते आहे लेक क्लार्क नॅशनल पार्कात, ट्विन लेक्सच्या काठावर. पार्क 40 लाख एकरांचं आणि तिथे जायला रस्ताच नाही, पाण्यावर उतरणारं छोटं विमान करायचं. पोर्ट ऑल्सवर्थ या तिथल्या छोट्या गावात पहिला दिवस ढग बघण्यात गेला, दुसऱ्या दिवशी पायलट म्हणाला चला, आणि प्रत्येकाचं वजन विचारलं. मी पाच पौंड कमी सांगितलं, मग डोंगरांच्या मधून जाताना सारखं तेच आठवत राहिलं.

केबिन आमच्या ठाण्याच्या हॉलपेक्षा लहान. छपरावर शेवाळ आणि गवत, शेजारी अस्वलांपासून धान्य वाचवायला उंच खांबांवरची कोठी. 1968 साली, पन्नाशी उलटल्यावर, या माणसाने हे एकट्याने बांधलं, आदल्या वर्षी ओंडके तोडून ठेवले होते. हत्यारांची नुसती पाती आणली आणि दांडे इथल्याच लाकडाचे केले. पेट्रोलचे डबे कापून भांडी केली. आणि ते दार! मधोमध आडवं कापलेलं, वरचा अर्धा भाग वेगळा उघडतो, आणि बिजागऱ्या चक्क लाकडात कोरलेल्या. आमच्या बाथरूमचं दार दर पावसाळ्यात फुगतं, सुतार दोनदा येऊन गेला तरी लाथ मारूनच लावावं लागतं, त्यामुळे मी तिथे जरा जास्तच रेंगाळले, नवरा वैतागला.

लोक म्हणतात त्याने जग सोडलं. मला नाही तसं वाटत. स्वतःचं घर होईपर्यंत तो मित्राच्या केबिनमध्ये राहिला, पायलट मित्र टपाल आणि सामान आणून टाकायचा, आणि हा रोजनिशी लिहायचा, कॅमेरा स्टँडवर लावून स्वतःचं शूटिंग करायचा. जग सोडणारा माणूस एवढं कशाला टिपून ठेवेल? त्याला फक्त घाई नको होती बहुतेक. जवळजवळ 30 वर्षं राहिला, ऐंशी ओलांडल्यावर तिथून निघाला.

वर डोंगरात एक मोठा धोंडा आहे, ढकलला की डुलतो, तिथे तो चालत जायचा. आम्हालाही जायचं होतं पण तळ्यावर वारा सुटला आणि पायलटने हाका मारायला सुरुवात केली.