करंट होता, तरी गाडी सुरू होत नव्हती

काकांनी आपली मोटरसायकल माझ्याकडे ढकलतच आणली होती. माझ्याआधी दोन मेकॅनिकांचे हात लागले होते. प्लग नवा, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) नवा, इग्निशन कॉईल नवी, कार्बोरेटर धुतलेला. काढलेले जुने भाग काकांनी पिशवीत जपून आणले होते. ते मी नंतर एकेक लावून बघितले. तिन्ही धडधाकट निघाले. न तपासता भाग बदलत सुटणं ही दुरुस्ती नव्हे. त्याची चीड मला अजून आहे.

गाडी एक सिलिंडरची, कार्बोरेटरवाली, नुसत्या किकची. प्लग काढला तर ओला, म्हणजे पेट्रोल पोचतंय. भोकावर अंगठा दाबून किक मारली, अंगठा फाटकन उडाला, म्हणजे कॉम्प्रेशन आहे. प्लग कॅपमध्ये घालून भोकापासून लांब इंजिनला टेकवला. निळी, कडक ठिणगी. गॅप ०.७ मिलिमीटर. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बरोबर, एअर फिल्टर साफ, सायलेन्सर मोकळा. पेट्रोल, दाब, करंट तिन्ही आहे आणि गाडी मात्र एक ठोका देत नाही. यात दुपार झाली.

काका बाजूलाच उभे होते. "भाऊ, ही किक पायाला उलटी मारते," असं ते आल्या आल्या म्हणाले, मग पुन्हा एकदा म्हणाले. आधीच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला किक मारता येत नाही. इतकी वर्षं हीच गाडी रोज किकवर चालवणाऱ्या माणसाला! पण मीही दोन्ही वेळा नुसतं "हो, बघतो" म्हटलं. मग तो दणका मला बसला. तळपायातून गुडघ्यापर्यंत कळ गेली, आणि तिथेच डोक्यात लख्ख झालं.

ठिणगी पडायची वेळ असते. पिस्टन पार वर पोचायच्या किंचित आधी ती पडावी लागते. फारच आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला पेटलेला गॅस खाली रेटतो, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा दांडा) उलटा फिरू बघतो आणि तो झटका पायात येतो. आम्ही सगळे ठिणगी पडते का एवढंच बघत होतो. सीडीआयच्या गाडीला टायमिंग हाताने लावायचं नसतं, म्हणून ते बिघडू शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही.

क्रँकच्या टोकावर मॅग्नेट, म्हणजे चुंबकाचं जड चाक, बसवलेलं असतं. त्याचं कव्हर काढलं. प्लगच्या भोकात प्लास्टिकची नळी सोडली (लोखंडी काही घालू नये, पिस्टनला ओरखडा जातो), टॉप गिअर टाकून मागचं चाक इंचाइंचाने फिरवलं. नळी वर येऊन थबकली, तिथे थांबलो. पिस्टन असा पार वर असताना मॅग्नेटवरची 'टी' खूण केसवरच्या रेघेसमोर यायला हवी होती. ती बोटभर पुढे गेलेली.

नट पान्याला जोर न लावता सुटला. पुलरने मॅग्नेट ओढला आणि आतली अर्धचंद्री चावी दोन तुकड्यांत निघाली. एक क्रँकच्या खाचेत, दुसरा मॅग्नेटच्या. तुटलेली बाजू आरशासारखी चकचकीत. क्रँकच्या निमुळत्या टोकावर बोट फिरवलं, तेल लागलं.

मॅग्नेट त्या चावीवर धरलेला असतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. चावी फक्त जागा दाखवते. पकड असते ती निमुळत्या टोकाची, कोरडी आणि नटाने घट्ट आवळलेली. काकांना विचारलं, तर मागच्या महिन्यात मॅग्नेटमागचं ऑईल सील बदललं होतं. मॅग्नेटच्या कडेवर हातोडीचे व्रण होतेच. पुलर लावायचा कंटाळा, तेल पुसायचा कंटाळा, नट नीट आवळायचा कंटाळा! मग एके दिवशी क्लच सुटून गाडी गिअरमध्येच झटका खाऊन बंद पडली. क्रँक जागीच थांबला, जड मॅग्नेट त्याच वेगात पुढे सरकला आणि चावी कापली गेली. व्हॉल्व्ह क्रँकवरच्या चेनवर चालतात, त्यामुळे कॉम्प्रेशन शाबूत. ठिणगीचा इशारा देणारी पिकअप कॉईल फक्त मॅग्नेटवरचा उंचवटा बघते, त्यामुळे ठिणगीही शाबूत. प्रत्येक तपासणीत गाडी पास होत होती ती अशी.

क्रँकचं टोक आणि मॅग्नेटचं भोक, दोन्ही बाजू ग्राइंडिंग पेस्टने एकमेकांत घासून बसवल्या, पेट्रोलने धुऊन पार कोरड्या केल्या, नवी चावी घातली, नट टॉर्क रेंचने आवळला. खूण जुळली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

मग काकांना म्हटलं, आता तुम्ही मारा. त्यांनी पाय ठेवला, अर्ध्यात दाबला आणि पटकन काढून घेतला. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा पूर्ण किक बसली.

क्रँकच्या टोकावर एक बारीक चर राहिलाय. पकड पुरेशी वाटली म्हणून तसाच बसवला. ५०० किलोमीटर झाले की नट बघायला गाडी आणा, असं सांगितलंय. काका अजून आलेले नाहीत.