वरणावरचे तूप आणि पेशीपर्यंत जाणारे निरोप

मे महिन्यातल्या एका तापलेल्या दुपारी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या वहिनी त्यांच्या आईच्या तपासण्यांची फाइल घेऊन आल्या. आईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि रक्ताच्या अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले होते. "भाऊजी, यानं कॅन्सर पुन्हा होतो म्हणतात. आईचं वरणावरचं तूप बंद करू का?" असे त्यांनी विचारले. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरीही या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

अहवालातला आकडा रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा असतो; त्याचे मूळ काम मात्र पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्याभोवतीच्या मेदाच्या पातळ आवरणात चालते. आमच्या ओट्यावरच्या बरणीतले तूप त्या दुपारी पाण्यासारखे पातळ होते आणि डिसेंबरात तेच चमच्याने खरवडावे लागते; पटलातल्या मेदाचेही असेच होऊ शकते. पटलातल्या मेदाच्या रेणूंमध्ये कोलेस्टेरॉलचा ताठर रेणू शिरून बसतो, त्यामुळे पटल फार सैलही होत नाही आणि गोठूनही जात नाही. काही ठिकाणी तो विशिष्ट मेदांसह दाट गर्दी करतो. या भागांना मेदाचे तराफे म्हणतात. वाढीचे संदेश झेलणारी काही ग्राहक प्रथिने तिथे एकत्र येतात आणि 'वाढ, विभाजित हो' हा निरोप तिथून आत जातो.

कोलेस्टेरॉल आणि अशा निरोपांच्या नात्याचे सर्वात लख्ख उदाहरण मला हेजहॉग संदेशमार्गाचे वाटते. हेजहॉग हे एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे प्रथिन आणि ते बनवणाऱ्या जनुकाचेही नाव. फळमाशीच्या अळ्यांवरील ज्या संशोधनातून 1980 मध्ये हे जनुक पुढे आले, त्याला 1995 चे नोबेल मिळाले. हेजहॉग प्रथिनाला स्वतःलाच कोलेस्टेरॉलचा रेणू जोडलेला असतो. निरोप घेणाऱ्या पेशीत 'पॅच्ड' हे प्रथिन 'स्मूदन्ड' या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते, आणि स्मूदन्ड जागे होण्यासाठी त्याला कोलेस्टेरॉल चिकटावे लागते. पॅच्डमध्ये बिघाड झाला की निरोप आलेला नसतानाही स्मूदन्ड चालूच राहते. त्वचेच्या बेसल सेल कर्करोगामागे बहुधा हाच बिघाड असतो. स्मूदन्डला रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली.

वहिनींच्या आईंशी थेट संबंध येतो तो 27-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलचा. शरीरात कोलेस्टेरॉलपासूनच तयार होणारा हा रेणू इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या ग्राहकाला जाऊन चिकटतो, आणि त्यामुळे उंदरांमधील स्तनाच्या गाठी वाढल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणून आईंच्या गाठीच्या पेशींत असे हार्मोनचे ग्राहक होते की नव्हते, ही गोष्ट तुपाच्या चमच्याआधी विचारायला हवी.

शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, त्यामुळे ताटातल्या चमचाभर तुपावर कर्करोगाचा दोष ठेवता येत नाही. तूप मोजून खावे हे हृदयासाठी खरेच आहे. पण ज्या विदर्भात पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणारी पोरे रोज दिसतात, तिथे तुपाचीच भीती अधिक वाटावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

"मग कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करू का?" हा वहिनींचा पुढचा प्रश्न होता. ही गोळी म्हणजे स्टॅटिन. शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याच्या ज्या मार्गावर ती घाव घालते, त्याच मार्गावर वाढीचा निरोप पुढे नेणाऱ्या रास या प्रथिनाला पटलात रुतवून ठेवणारी मेदाची शेपटीही तयार होते, आणि रासमधला दोष अनेक कर्करोगांत आढळतो. त्यामुळे संशोधकांना आशा वाटणे स्वाभाविक होते. परंतु हृदयविकारासाठी झालेल्या स्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कर्करोगाचे प्रमाण ना घटलेले दिसले, ना वाढलेले. हृदयासाठी ही गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. कर्करोग टळावा म्हणून ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

मग आम्ही दोघांनी फाइल उलगडली. गाठीच्या तपासणीच्या कागदावर खालून तिसऱ्या ओळीत 'ईआर पॉझिटिव्ह', म्हणजे इस्ट्रोजेनचे ग्राहक असलेली गाठ, असे लिहिलेले सापडले. वहिनींनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली, रक्ताचा अहवाल त्याच कागदाला टाचला आणि डॉक्टरांना विचारायचा प्रश्न मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला.